विश्लेषण : पंचम नसलेले सप्तक इतके अस्वस्थ का करते? काय आहे ‘लोक्रियन मोड’?

मोबाइलवरच्या पियानो ॲपमध्ये फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर फारसे काही बिघडत नाही, हे नवशिक्यांनाही लवकरच कळते. पांढरी एकपासून वर गेले की ओळखीचे ‘सा रे ग म’ ऐकू येते. मात्र याच सात पट्ट्या पांढरी सातपासून सुरू केल्या आणि त्याच पट्टीला षड्ज मानले, तर सगळे वातावरण पालटते. स्वर तेच, पण आता ते काळवंडलेले आणि कुठेच न टेकणारे वाटतात. पाश्चात्त्य संगीतात या रचनेला ‘लोक्रियन मोड’ म्हणतात. सात प्रमुख मोडपैकी हा सर्वांत काळोखा आणि सर्वांत कमी वापरला गेलेला. कीबोर्ड वा गिटार शिकणाऱ्यांना अनेकदा ‘हा फक्त माहितीसाठी, याचा उपयोग नाही’ असेच सांगितले जाते. त्यात कितपत तथ्य आहे? आणि तेच स्वर एका जागी प्रसन्न तर दुसऱ्या जागी भयाण का वाटतात?

लोक्रियन मोड म्हणजे नेमके काय?

मोड म्हणजे स्वरांचा तोच संच, पण वेगळ्या स्वराला ‘घर’ मानून गायलेला किंवा वाजवलेला. भारतीय संगीतात यालाच जवळची कल्पना म्हणजे मूर्च्छना. पाश्चात्त्य नावांनी सांगायचे तर पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. सीला घर मानले की मेजर स्केल मिळते, म्हणजे आपला बिलावल थाट. बीला घर मानले की लोक्रियन मिळतो : बी, सी, डी, ई, एफ, जी, ए.

हाच क्रम आपल्या भाषेत मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. बीला षड्ज मानल्यावर सी हा कोमल ऋषभ, डी हा कोमल गंधार, ई हा शुद्ध मध्यम, एफ हा तीव्र मध्यम, जी हा कोमल धैवत आणि ए हा कोमल निषाद होतो. म्हणजे सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. यादीत दोन मध्यम आहेत आणि पंचम मात्र नाही. पाश्चात्त्य पद्धतीत मध्यम दोन आहेत असे न म्हणता ‘पाचवा स्वर अर्ध्या स्वराने उतरला आहे’ असे म्हणतात. नाव काहीही दिले तरी गोष्ट एकच : षड्जाचा हक्काचा जोडीदार जागेवर नाही.

भैरवीच्या पुढची पायरी कोणती?

सात मोड उजळ ते काळोखे अशा क्रमाने लावता येतात. सुरुवात कल्याण थाटापासून, म्हणजे पाश्चात्त्य ‘लिडियन’पासून करावी. त्यातला तीव्र मध्यम शुद्ध केला की बिलावल मिळतो. बिलावलचा निषाद कोमल केला की खमाज, मग गंधार कोमल केला की काफी, त्यानंतर धैवत कोमल केला की आसावरी आणि ऋषभही कोमल केला की भैरवी. प्रत्येक पायरीला एकच स्वर अर्ध्या स्वराने उतरतो आणि छटा थोडी गडद होते. पाश्चात्त्य नावे अनुक्रमे लिडियन, आयोनियन, मिक्सोलिडियन, डोरियन, एओलियन आणि फ्रिजियन.

भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल झालेले असतात. याच नियमाने आणखी एक पायरी उतरायची तर पुढचा क्रमांक पंचमाचा लागतो. मात्र भारतीय संगीतात षड्ज आणि पंचम हे अचल स्वर आहेत. पंचम कोमल होत नाही. त्यामुळे आपल्याकडे ही उतरण भैरवीपाशी थांबते. पाश्चात्त्य पद्धतीत ती एक पायरी पुढे जाते आणि तिथे लोक्रियन येतो.

पंचम गेल्याने काय बिघडते?

तंबोऱ्याची पहिली तार बहुतेक वेळा पंचमात का लावतात, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर ३:२ असे साधे असते. कोणतीही तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे सूक्ष्म स्वरही वाजतात. दोन स्वरांचे हे सूक्ष्म स्वर एकमेकांवर बसले तर कानाला मिलाफ जाणवतो आणि अगदी जवळ येऊनही एकमेकांवर बसले नाहीत तर खरखर जाणवते.

उदाहरण घ्या. एका बी स्वराची कंपनसंख्या सुमारे २४७ हर्ट्झ असते. तिची तिप्पट म्हणजे ७४१. त्याच्या वरचा शुद्ध पंचम, म्हणजे काळी तीनचा एफ शार्प, सुमारे ३७० हर्ट्झचा. त्याची दुप्पट ७४०. दोन्ही आकडे जवळजवळ एकच, त्यामुळे दोन स्वर एकजीव होतात. लोक्रियनमध्ये मात्र एफ शार्प नाही, साधा एफ आहे. त्याची कंपनसंख्या सुमारे ३४९ आणि दुप्पट ६९८. आता ७४१ आणि ६९८ यांत सेकंदाला चाळीसहून अधिक कंपनांचा फरक पडतो. हा फरक कानाला दोन सुटे स्वर म्हणून नीट ऐकू येत नाही आणि एक स्वर म्हणूनही नाही. त्यातून जाणवतो तो खडबडीतपणा.

बी आणि एफ यांच्यातील या अंतराला ‘ट्रायटोन’ म्हणतात. सप्तकातील १२ अर्धस्वरांचे हे बरोबर मध्य आहे : सहा इकडे, सहा तिकडे. त्यामुळे कोणता स्वर मुख्य आणि कोणता आश्रित हेही कानाला ठरवता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर एकमेकांचे संवादी मानले आहेत. ही अंतरे म्हणजे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम. ट्रायटोन या दोन्हींच्या मध्ये अडकतो.

कॉर्डच्या जगात लोक्रियन का टिकत नाही?

पाश्चात्त्य संगीतात गाण्याचा आधार बहुतेक वेळा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचा पुंजका, हा असतो. एक स्वर सोडून एक असे तीन स्वर घेतले की कॉर्ड तयार होते. लोक्रियनच्या सात स्वरांवर पुढील कॉर्ड उभ्या राहतात :

• बी डिमिनिश्ड : बी, डी, एफ
• सी मेजर : सी, ई, जी
• डी मायनर : डी, एफ, ए
• ई मायनर : ई, जी, बी
• एफ मेजर : एफ, ए, सी
• जी मेजर : जी, बी, डी
• ए मायनर : ए, सी, ई

तीन मेजर, तीन मायनर आणि एक डिमिनिश्ड. हा हिशेब सातही मोडमध्ये सारखाच असतो. फरक इतकाच, की इतर सहा मोडमध्ये ती एकटी डिमिनिश्ड कॉर्ड कुठे तरी बाजूला असते. लोक्रियनमध्ये ती थेट घराच्या जागी येऊन बसते. मेजर आणि मायनर या दोन्ही कॉर्डमध्ये शुद्ध पंचम असतो, म्हणून त्यांच्यावर गाणे संपवता येते. डिमिनिश्ड कॉर्डमध्ये तो नाही. तीन अर्धस्वर आणि पुन्हा तीन अर्धस्वर अशी तिची बांधणी. ती ऐकली की ‘पुढे काय?’ असा प्रश्न मनात उभा राहतो.

त्यातच शेजारी सी मेजर ही भक्कम कॉर्ड असते. बी हा सीच्या अवघ्या अर्ध्या स्वराने खाली आणि एफ हा ईच्या अर्ध्या स्वराने वर. त्यामुळे बी-एफ ही जोडी वाजली की कान सी-ई या जोडीची वाट पाहू लागतो. वादकाने एकदा सी मेजरवर मुक्काम केला, की ऐकणाऱ्याच्या दृष्टीने घर बदलले. लोक्रियन संपतो आणि साधे मेजर स्केल सुरू होते. गिटारवादकांची अडचण आणखी वेगळी. रॉक आणि मेटल संगीताचा कणा असलेली ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे मूळ स्वर अधिक पंचम. लोक्रियनच्या घरी ती वाजवायला गेले तर हाती ट्रायटोनच लागतो.

या कॉर्डमध्ये चौथा स्वर मिळवला की बी, डी, एफ, ए अशी ‘हाफ डिमिनिश्ड’ कॉर्ड तयार होते. ती मात्र अजिबात अडगळीत पडलेली नाही. जॅझमध्ये मायनर रचनांत ती सर्रास येते : बी हाफ डिमिनिश्ड, मग ई सेव्हन्थ, मग ए मायनर. या पहिल्या कॉर्डवर सुरावट रचताना जॅझ वादक लोक्रियनचे स्वर वापरतात. वॅगनर यांच्या १८६५ मध्ये म्युनिकला प्रथम सादर झालेल्या ‘ट्रिस्टन आणि इझोल्ड’ या ऑपेराच्या सुरुवातीची गाजलेली कॉर्डही पियानोवर वाजवली तर याच घडणीची आहे. म्हणजे प्रवासातला थांबा म्हणून हे स्वर संगीतकारांना हवेच असतात. अडचण येते ती त्यांना मुक्कामाचे ठिकाण करण्यात.

‘सैतानाचा स्वर’ ही काय भानगड आहे?

ट्रायटोनविषयी एक कथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. मध्ययुगात चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती आणि ते वाजवणाऱ्यांना शिक्षा होत असे, अशी ती कथा. अशा बंदीचा आधार इतिहासात सापडत नाही. जुन्या रचनाकारांना हे अंतर गाण्यास अवघड आणि कर्कश वाटे, म्हणून ते टाळण्याचे नियम होते. ते नियम रचनेच्या शिस्तीचे होते. ‘संगीतातील सैतान’ या अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत दिसतो. योहान योसेफ फुक्स यांच्या १७२५ च्या ग्रंथात तो आहे.

पुढे हे बिरुद संगीतकारांनी हौसेने मिरवले. सां-सान्स यांच्या १८७४ च्या ‘दान्स माकाब्र’मध्ये मृत्यूचे व्हायोलिन ट्रायटोननेच सुरू होते. त्यासाठी व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्धा स्वर उतरवावी लागते. १९७० मध्ये ‘ब्लॅक सबाथ’ या ब्रिटिश बँडच्या त्याच नावाच्या गाण्याने ट्रायटोनला हेवी मेटलच्या पायाशी नेऊन ठेवले.

लोक्रियन हे नाव प्राचीन ग्रीसमधील लोक्रिस या प्रदेशावरून आले आहे. मात्र आजच्या अर्थाचा मोड प्राचीन ग्रीकांकडून जसाच्या तसा आलेला नाही. स्विस विद्वान हाइनरिश ग्लारेआन यांनी १५४७ च्या ‘डोडेकाकॉर्डन’ या ग्रंथात १२ मोड मांडले. बीवर उभा राहणारा मोड त्यांनी विचारात घेतला आणि पंचम सदोष असल्याने बाद ठरवला. या मोडच्या वाट्याला पुढेही दीर्घकाळ हीच उपेक्षा आली.

भारतीय संगीतात याचे स्थान काय?

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली. बिलावलच्या प्रत्येक स्वराला षड्ज मानत गेले तर ऋषभावरून काफी, गंधारावरून भैरवी, मध्यमावरून कल्याण, पंचमावरून खमाज आणि धैवतावरून आसावरी मिळतो. निषादावरून मिळणाऱ्या सप्तकाला मात्र दहांपैकी एकही थाट जुळत नाही. कर्नाटक संगीतातही अगदी हेच घडते. तिथे या क्रियेला ग्रहभेद म्हणतात. शंकराभरणम् या मेळातून खरहरप्रिया, हनुमतोडी, मेचकल्याणी, हरिकांभोजी आणि नटभैरवी हे मेळ निघतात. निषादावरून निघणारा मेळ ७२ मेळकर्त्यांच्या चौकटीत बसत नाही, कारण मेळात पंचम हवा आणि मध्यम एकच हवा. दोन वेगळ्या परंपरा, पण दोघींचे दार एकाच ठिकाणी बंद.

असे असले तरी पंचमाशिवाय गाण्याची कला भारतीय संगीताला चांगलीच अवगत आहे. पहाटेच्या ललित रागात पंचम वर्ज्य आहे आणि शुद्ध व तीव्र हे दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. लोक्रियनचे जे व्यंग मानले गेले, ते ललितचे सौंदर्य ठरले. ललितचा गंधार आणि निषाद मात्र शुद्ध असतात, त्यामुळे दोन्ही एकच नव्हेत. मालकंसाचे नाते तर आणखी जवळचे. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी हे त्याचे पाचही स्वर लोक्रियनमध्ये जसेच्या तसे आहेत. त्यात कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम मिळवले की लोक्रियन पूर्ण होतो. रात्री उशिरा गायल्या जाणाऱ्या या गंभीर रागाने भुते-जिन जवळ येतात, अशी समजूत जुन्या गवयांत होती. प्रत्यक्षात ‘बैजू बावरा’ (१९५२) चित्रपटात नौशाद यांनी याच रागात बांधलेले आणि महंमद रफी यांनी गायलेले ‘मन तडपत’ हे भजन घराघरांत पोहोचले.

हे शक्य झाले कशामुळे? एक कारण म्हणजे सतत वाजणारा षड्ज. कॉर्ड बदलल्या की घर हलण्याचा धोका असतो. तंबोऱ्याचा षड्ज मैफलभर जागचा हलत नाही. दुसरे म्हणजे मालकंस, ललितसारख्या रागांत तंबोऱ्याची पहिली तार बहुधा मध्यमात लावतात. पंचमाचा आधार नसेल तर मध्यमाचा संवाद कामी येतो.

मग लोक्रियन प्रत्यक्षात कोणी वापरला?

उदाहरणे थोडी, पण लक्षणीय आहेत. आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिच्या १९९५ च्या ‘आर्मी ऑफ मी’ या गाण्याची बेसची चाल लोक्रियनमध्ये आहे. गाण्यातला धमकीचा सूर त्या चालीतूनच येतो. इंग्लंडचे लोकसंगीतकार जॉन कर्कपॅट्रिक यांनी ‘डस्ट टू डस्ट’ हे गाणे या मोडमध्ये रचले आणि कॉन्सर्टिना या छोट्या हातवाद्याच्या साथीने गायले. इंग्रजी लोकगीतांत हा मोड परंपरेने नव्हता; तो त्यांनी जाणीवपूर्वक आणला. हिंडेमिथ, डेब्युसी यांच्या वाद्यवृंदासाठीच्या रचनांतही लोक्रियनचे भाग आढळतात.

या मोडमध्ये टिकून राहण्याच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत. खालचा मूळ स्वर धरून ठेवायचा किंवा बेसची एक छोटी चाल पुन्हा पुन्हा वाजवायची. कॉर्डचे मोठे फेरफार टाळायचे. शेजारच्या मेजर कॉर्डवर वाक्य संपवायचे नाही. कोमल ऋषभ आणि उतरलेला पाचवा स्वर मूळ स्वराजवळ वारंवार आणायचे, म्हणजे कानाला घराची आठवण राहते. थोडक्यात, कॉर्डच्या जगातील संगीतकार इथे तंबोऱ्याच्या युक्तीकडेच वळतात.

काळोख स्वरांत असतो की कानांत?

ट्रायटोन आला की भीती वाटलीच पाहिजे, असे नाही. यमनमधला षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यात हेच अंतर आहे. तरीही यमन प्रसन्न मानला जातो, कारण तीव्र मध्यमाच्या अर्धा स्वर वर पंचम उभा असतो. तणाव निर्माण होतो आणि त्याला उतरायला जागाही असते. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तील ‘मारिया’ या प्रेमगीतात नायिकेचे नाव ट्रायटोनने सुरू होते आणि लगेच पंचमावर येते. ऐकणाऱ्याला त्यात ओढ जाणवते, भय नाही. लोक्रियनमध्ये तणाव तोच असतो, पण सुटकेची जागा काढून घेतलेली असते.

संस्कारांचाही यात वाटा आहे. बोलिव्हियाच्या ॲमेझॉन खोऱ्यातील त्सिमाने या आदिवासी समाजात झालेले संशोधन २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना सुसंवादी आणि विसंवादी कॉर्ड सारख्याच आवडल्या. आवाजातला खडबडीतपणा त्यांनाही नकोसा वाटत होता; मात्र विसंवादी कॉर्ड म्हणजे वाईट, असे त्यांच्या लेखी नव्हते. खरखर कानाला कळते. तिला काळोख म्हणायचे की नाही, हे बरेचसे सवयीवर ठरते.

हा फरक स्वतः कसा ऐकावा?

मोबाइलवर दोन ॲप पुरेसे आहेत : तंबोरा आणि पियानो. तंबोऱ्याची पट्टी पांढरी सात ठेवावी. पहिली तार पंचमात न लावता मध्यमात लावावी. पंचमात ठेवली तर तो एफ शार्प लोक्रियनच्या एफशी सतत भांडत राहील. आधी पियानोवर मालकंसाचे पाच स्वर म्हणजे बी, डी, ई, जी, ए सावकाश वाजवावेत. कान स्थिरावला की त्यात सी मिळवावा आणि शेवटी एफ. प्रत्येक वाक्य बीवर आणून संपवावे. मध्यम फार लांबवला तर तोच षड्ज वाटू लागतो, एवढे सांभाळावे. मग तंबोरा बंद करून तेच स्वर पुन्हा वाजवावेत. काही क्षणांतच बोटे सीकडे ओढली जातात.

नवशिक्यांना मिळणाऱ्या ‘उपयोग नाही’ या सल्ल्याचे उत्तर या छोट्या प्रयोगात आहे. कॉर्डवर उभ्या असलेल्या गाण्यासाठी लोक्रियन खरोखरच अवघड आहे. मूळ स्वर खाली धरून ठेवला तर मात्र त्यात गाता येते, वाजवता येते. पांढऱ्या पट्ट्यांचे सातही स्वर दोन्ही वेळा तेच असतात. फरक पडतो तो त्यांना कुठे टेकू दिले जाते याने.